बिनटपाच्या गाडीचा मिस्त्री

आमच्या घरात 'काऊन', म्हणजे 'का', हा शब्द चालत नव्हता. बाप वडनेर भोलजीला एका मोठ्या शेतकऱ्याकडे सालदार होता. सालदार म्हणजे वर्षभराचा बांधलेला गडी. मालक म्हणाला बैल सोड, की बैल सोडायचे. बांध म्हणाला, की बांधायचे. काऊन, ते विचारायचं नाही. माय त्याच वावरात कापूस वेचायची. आमच्या ओळखीचं चाक म्हणाल तर मालकाच्या बैलगाडीचं. ती बाप हाकायचा आणि आम्ही मागून पायी चालायचो. उन्हाळ्यात ज्वारी संपत आली की माय कण्या शिजवायची आणि दिवसागणिक त्यात पाणी वाढवायची. एकदा मी विचारलं, "आज इतकं पातळ काऊन?" बापानं थोबाडीत मारली. मग स्वतःच ताटावरून उठून बाहेर जाऊन बसला. त्यानंतर मी घरात काऊन विचारलं नाही.

हे आधी सांगितलं, कारण पुढं ज्या माणसाबद्दल सांगणार आहे त्याच्या तोंडात दुसरा शब्दच नव्हता.

मॅट्रिक झालो आणि कॉलेजसाठी खामगावला आलो. मामा भुसावळला रेल्वेत खलाशी होता, त्यानं त्याची जुनी सायकल दिली. खोली शोधायला आठ दिवस गेले. लोक नाव विचारत, गाव विचारत, मग आडनाव. आडनाव सांगितलं की खोली कालच कुणाला तरी दिलेली असे. आम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन पाच-सहा वर्षं झाली होती, पण खामगावातल्या खोल्यांना ते अजून कळलं नव्हतं. शेवटी कुणीतरी म्हणालं, "जिनाच्या मागं तो बह्याड मिस्त्री राह्यते, त्याले विचारून पाह्य. तो कोनालेही ठेवते."

बह्याड म्हणजे खुळा. जिन म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना. त्याच्या मागच्या अंगाला पत्र्याची शेड होती. मी गेलो तेव्हा शेडमध्ये एका मोडक्या मोटारीखालून दोन पाय बाहेर आलेले होते. बाकी माणूस दिसत नव्हता.

"काय शिकून राह्यला बे?" गाडीखालून आवाज आला.

"सायन्स. बी.एस्सी. करायचं आहे."

"सायन्स काऊन?"

आठ दिवसांत मला शंभर प्रश्न विचारले गेले होते. हा त्यात नव्हता. मी म्हणालो, "माहीत नाही."

मग बाकीचा माणूस बाहेर आला. पन्नाशी उलटलेला, काटकुळा, खाकी सदरा, खाली पायजमा, कपाळावर काळ्या ग्रीसचा टिळा. कानावर लाल-निळी पेन्सिल, एका टोकाला लाल आणि दुसऱ्याला निळी, तसली. शेडच्या चुना दिलेल्या भिंतीवर त्यानं निळ्या टोकानं लिहिलं: 'बी.एस्सी.नं सायन्स काऊन घेतलं.' आणि म्हणाला, "खोली मांगं हाय. झाडून घेजो."

आडनाव विचारलंच नाही. पुढं वर्षभरानं मी त्याचं कारण विचारलं, तर म्हणाला, "नावागावात काऊन नसते बे. निरं नाव अन् गाव असते."

त्या दिवसापासून मी त्याच्यासाठी 'बी.एस्सी.' झालो. मी एकदा म्हणालो, "मिस्त्री, अजून झालो नाही मी." तर मोटारीकडे बोट दाखवून म्हणाला, "हेबी अजून चालत नाही. म्या हिले गाडीच म्हनतो ना?"

ती भिंत सगळी प्रश्नांनी भरलेली होती. उत्तर सापडलं नसेल तोवर निळ्यात, सापडलं की त्याच्यावर लाल रेघ. काही प्रश्न गाडीचे असत. काही असत 'टायर काळाच काऊन', 'कुत्रं चाकावरच काऊन मुतते', 'भाकर फुगते, पोळी फुगते, धिरडं काऊन नाही.' जिनातले हमाल जेवणाच्या सुट्टीत भिंत वाचायला येत आणि हसत जात. मिस्त्रीला त्याचं काही नसे. उलट एखाद्याला धरून विचारी, "तुले ठाऊक हाय का?" तो हमाल पुन्हा त्या बाजूला फिरकत नसे.

आता गाडीबद्दल. विलायती गाडी, दोन माणसांची, बुटकी, लांब नाकाची, शर्यतीत पळवतात तसली. वर टप नाही. चाकांना सायकलीसारख्या तारा. जिनाचा गोरा मॅनेजर जाताना ती टाकून गेला, आणि तेव्हापासून ती सरकीच्या पोत्यांमागं पडून होती. तिच्या पाटीवर सी.पी. अँड बेरारचा नंबर होता. नंतर आपला मुलूख मध्यप्रदेशात गेला, मग मुंबई राज्यात, मग महाराष्ट्र झाला. म्हणजे जागची न हलता ती गाडी चार राज्यं फिरली होती. गावातली माणसं तिला 'बिनटपाची' म्हणत.

मिस्त्री जिनाचा हेडफिटर. कुणब्याच्या घरचा, पण वावर भावाला सोडून लोखंडाच्या मागं लागलेला. रोजचं काम सुटलं की तो बिनटपाचीकडे येई. सात वर्षं त्यानं ती एकेक सुटी केली आणि एकेक जोडली. तिचे भाग काही मिळत नव्हते. मग जिनाच्या रुळाचं घासलेलं चामडं कापून त्यानं तिच्या कमानींत, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगांत, बसवलं. स्टिअरिंगचं कडं सागवानाचं केलं. दोन्ही गाद्यांत पहिल्या वेचणीचा कापूस भरला. तो मायनं वेचलेल्या वावरातलाही असेल, कोण जाणे. गाडीत बसलं की खाली मऊ लागे आणि मला उगीच संकोच वाटे.

त्याच्या बायकोला मी मावशी म्हणत असे. मावशीला त्या गाडीचा एकच उपयोग ठाऊक होता. लांब नाकाचा पत्रा उन्हात चांगला तापे, तिथं ती सांडगे वाळत घाले. "सात वर्षांत हिनं एवढंच काम केलं," ती म्हणे. "आमच्या मालकापेक्षा बरं केलं."

गाडी मिस्त्रीची नव्हती, जिनाच्या शेठची होती. शेठ माणूस वाईट नव्हता, पण त्याला शेड हवी होती. मी शेवटच्या वर्षाला होतो तेव्हा पोळ्याच्या सुमारास तो शेडमध्ये आला आणि म्हणाला, "मिस्त्री, दसऱ्यानंतर नवा कापूस येईल, सरकी ठेवायला जागा पाहिजे. दसऱ्याच्या आत ही गाडी स्वतःच्या पायानं बुलढाण्याला ने. मोटार इन्स्पेक्टर पास करेल, नवा नंबर देईल, तर ती तुझी. मी लिहून देतो. नाही तर अकोल्याच्या भंगारवाल्याला सांगितलंच आहे."

बुलढाणा वर, घाटमाथ्यावर. मधे बोथ्याचा घाट, जंगलातला. मिस्त्री म्हणाला, "हाव." शेठ गेल्यावर त्यानं भिंतीवर काही लिहिलं नाही. मला तेच जड वाटलं.

गाडी तोवर चालू झाली होती. इंजिन सुरू करून मिस्त्री एक लांब लाकडी दांडा त्याच्यावर टेकवी, दुसरं टोक कानाला लावी आणि डोळे मिटून ऐके. नाडी पाहणाऱ्या वैद्यासारखा. मग डोक्याला मफलर बांधून, छाती काढून तो जिनाच्या आवारात फेऱ्या मारायला निघे. आवार मोठं होतं. किती फेऱ्यांनी किती अंतर होतं ते त्यानं सुतळीनं मोजून ठेवलं होतं. परत आला की मावशी विचारी, "कुठी गेलते?"

"नांदुऱ्याले."

"काय आनलं?"

"बजार नव्हता आज."

कधी शेगावला जाऊन येई, कधी मलकापूरला म्हणून निघे. त्या फेऱ्यांत त्याचा चेहरा मी पाहिलेला आहे. सबंध आयुष्य दुसऱ्याच्या यंत्राला तेल घातलेला माणूस स्वतःच्या यंत्रावर बसला की कसा दिसतो, ते सांगता येत नाही. मीही बाजूला बसलो आहे. तोंडावर वारा लागतो आणि जमीन हातभर अंतरावरून पळते. आवारातले हमाल हसतात, आणि त्यांचं हसणंसुद्धा मागं पडतं.

पण नांदुऱ्याच्या पुढं जायला मिळेना. त्या गाडीचं प्रत्येक चाक एकाच मोठ्या ढिबरीनं धरलेलं होतं. ढिबरी म्हणजे नट. तिला दोन कान असतात, कानावर हातोडा मारून ती कसायची. मिस्त्री कसून निघे आणि नांदुऱ्याच्या आसपास ढिबरी सैल होई. एकदा तर चाक हलायला लागलं. त्यानं हातोडा बदलला, ढिबऱ्या घासल्या, चाकाचे झिजलेले दाते भरून पाहिले. सैल ती सैलच. भिंतीवर मोठ्या निळ्या अक्षरात आलं: 'ढिबरी काऊन सुटते.'

दसऱ्याला पंधरा दिवस होते.

एका रविवारी मी खडू घेतला. ढिबरीवर एक रेघ आणि तिच्या समोर चाकाच्या आसावर एक रेघ. चारही चाकांना. "आता वीस फेऱ्या मारा," म्हटलं. आल्यावर पाहिलं तर चारही ढिबऱ्या बोटभर मागं सरकलेल्या. चाक पुढं गेलं होतं आणि ढिबरी मागं.

"मिस्त्री," मी विचारलं, "तुम्ही चाकं काढली तेव्हा आटे कसे होते?"

आटे म्हणजे ढिबरीच्या आतला पीळ. मग त्यानं सांगितलं ते असं. गाडी खोलली तेव्हा एका बाजूच्या ढिबऱ्यांचे आटे सुलटे होते, दुसऱ्या बाजूचे उलटे. त्यानं विचार केला. कारखान्यात पट्टा ज्या दिशेनं ओढतो त्या दिशेनं ढिबरी कसत जाते, हा तीस वर्षांचा अनुभव. तेव्हा चाक पुढं फिरतं तर ढिबरीही पुढं फिरून कसली पाहिजे. पण गाडीत नेमकं उलट होतं. "साहेबाच्या ड्रायव्हरनं डावं-उजवं चुकवलं, हे म्या पाह्यल्याबरोबर ओयखलं," तो म्हणाला, "अन् दुरुस्त करून टाकलं." म्हणजे डावीकडचे आस उजवीकडे आणि उजवीकडचे डावीकडे. सात वर्षांत त्यानं भिंतीवर न लिहिता केलेलं हे एकच काम असावं.

मी त्याला माझी सायकल दाखवली. मागं एकदा डावं पायडल तुटलं होतं, तेव्हा नांदुऱ्याच्या सायकलवाल्यानं सांगितलं होतं की डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, साधं लावलं तर चालता चालता सुटून पडतं. "मिस्त्री, उलटे आटे कुणी चुकून पाडत नाही. कंपनीनं केलं ते बरोबर होतं. आस पुन्हा बदला."

"कंपनीनं काऊन केलं?"

"ते मला माहीत नाही."

"मंग नाही बदलत."

"अहो, पंधरा दिवस राहिले."

"बी.एस्सी., तू सांगतं म्हनून बदललं अन् तुहं चुकलं तर? अन् बरोबर निघालं तरी म्या काय शिकलो? निरं तुह्यं ऐकलं."

मला राग आला. मी म्हणालो, "गाडी भंगारात जाईल तेव्हा शिकाल."

"जाईल तर जाईल. पन मले ठाऊक असलेली जाईल."

मी कॉलेजात प्रोफेसरांना विचारलं. ते म्हणाले, अभ्यासक्रमात नाही. लायब्ररीत दोन दिवस बसलो, मिळालं नाही. दसऱ्याला सात दिवस राहिले. इन्स्पेक्टरचा तपासणीचा शेवटचा वार दसऱ्याच्या तीन दिवस आधी होता. शेठचा माणूस येऊन शेडची लांबी-रुंदी मोजून गेला. मावशीनं सांडगे काढून घेतले आणि पत्रा ओल्या फडक्यानं पुसला. पाहुण्याला निरोप देताना पुसतात तसं पुसलं.

नवरात्र होतं. त्या सकाळी दारात बांगड्या भरणारा आला. मावशी ओसरीवर हात पुढं करून बसली. मिस्त्री चहा पीत होता आणि मी निघायच्या तयारीत होतो. त्या माणसानं हिरव्या बांगड्या एका गोल दांड्यात अडकवलेल्या होत्या, आणि रंग दिसावा म्हणून तो दांडा हळूहळू फिरवत होता. मिस्त्रीनं कप खाली ठेवला.

"थांब. पुन्हा फिरव."

"काऊन, बावा?"

"तेच पाहून राह्यलो. फिरव."

दांडा फिरला. मिस्त्रीनं त्याच्या हातातून तो ओढून घेतला, एक बांगडी ठेवून बाकीच्या काढल्या, पेन्सिलीनं दांड्यावर लाल खूण केली आणि बांगडीवर तिच्या समोर निळी. सावकाश एक फेरा दिला. दांड्याची खूण वर आली. बांगडीची खूण मागंच राहिली होती. दुसरा फेरा. आणखी मागं. बांगडी फिरत होती पुढंच, पण सैल होती, तिचा घेर दांड्यापेक्षा मोठा, म्हणून दर फेऱ्याला ती मागं पडत होती.

"बी.एस्सी., हे काय हाय?"

"दांडा म्हणजे आस," मी म्हणालो, "आणि बांगडी म्हणजे ढिबरी." माझा आवाज जरा चढलाच असेल.

"ढिबरी मागं राह्यते. म्हनून मांगं फिरली की कसली जाईल, असेच आटे पाह्यजे. कारखान्यात ढिबरीवर वजन नसते, तिथं हे होत नाही. इथं सारी गाडी तिच्यावर बसते." तो बांगडी फिरवतच राहिला. "साहेबाचा ड्रायव्हर बरोबर होता. म्या बह्याड."

बांगड्यावाला कंटाळला. "मिस्त्री, बाईले भरू देता का बांगड्या, का गाडीले भरू?"

"गाडीलेच भर," मावशी म्हणाली. "तिलेच बाहेर जायचं हाय. मले कोन नेते."

मिस्त्रीनं बांगडी तिच्या हातात दिली. "दोन शिटा हायेत तिले," म्हणाला. "दुसरी काय सांडग्यांसाठी केली का?"

आस बदलायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी तो आवारातल्या आवारात मलकापूरला जाऊन आला. खडूच्या रेघा जागच्या हलल्या नव्हत्या.

तपासणीच्या दिवशी सकाळी मिस्त्री आणि मावशी गाडीनं निघाले. मावशीनं नवी हिरवी चोळी घातली होती, पदर डोक्यावरून घट्ट ओढून दातात धरला होता. मी अवजारांची पिशवी घेऊन मागून एस.टी.नं. बोथ्याच्या घाटाच्या पायथ्याशी आमची बस त्यांच्या मागं आली. पुढं ती बुटकी गाडी, मागं आमची भरलेली बस, आणि रस्ता एकाच गाडीपुरता.

पहिल्या वळणावर मिस्त्री थांबला, उतरला आणि चारही चाकांच्या रेघा पाहून आला. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. दुसऱ्या वळणावर पुन्हा तेच.

"काय पाहून राह्यला बे तो बुढा?" कंडक्टरनं विचारलं. मी सांगितलं. दसरा, भंगारवाला, ढिबरी, बांगडी, सगळं. बस ऐकत होती.

"म्हनजे आज नाही चढली तर मोडीत?" एक बाई म्हणाली.

"हाव."

तिसऱ्या वळणावर कंडक्टर आपण होऊन उतरला आणि मागची दोन चाकं पाहून आला. "जागची हाय रेघ," त्यानं दारातून सांगितलं. चौथ्या वळणावर सात-आठ जण उतरले. एकजण म्हणाला, ढकलू का. मिस्त्रीनं असं पाहिलं की तो परत बसमध्ये येऊन बसला.

मधल्या एका उभ्या चढावर गाडीचा आवाज खाली गेला. इतका खाली, की आता थांबते असं वाटलं. तेवढ्यात गाडीतून मावशी उतरली. चालत्या गाडीतून, सरळ, बैलगाडीतून उतरतात तशी. बैल दमला की चढावर माणसं उतरतात, तिला एवढंच ठाऊक होतं. पदर खोचून ती गाडीच्या बाजूनं चालायला लागली. तिचा हात गाडीच्या दारावर होता. ढकलत नव्हती, नुसता ठेवला होता. आवाज हळूहळू वर आला. माथ्यावर गाडी थांबली आणि ती पुन्हा आत बसली.

"ढिबरी?" आमच्या ड्रायव्हरनं विचारलं.

"जागची," कंडक्टर म्हणाला.

बुलढाण्याला इन्स्पेक्टरनं चाक धरून हलवून पाहिलं आणि विचारलं, "हे एका बाजूला उलटे आटे कशाला ठेवले?" हा प्रश्न त्यानं विचारायला नको होता. मिस्त्रीनं माझ्याकडच्या पिशवीतून एक दांडा आणि तसलीच एक हिरवी बांगडी काढली. अर्ध्या तासानं इन्स्पेक्टर सही करताना म्हणाला, "समजलं, समजलं." मिस्त्री म्हणाला, "नाही समजलं, साहेब. पन सही करा."

निकाल लागला त्या दिवशी मी आधी वडनेरला गेलो नाही, शेडमध्ये गेलो. शेड आता सरकीनं भरली होती, पण भिंतीचा तो कोपरा मिस्त्रीनं मोकळा ठेवायला लावला होता. ढिबरीवर लाल रेघ होती. माझा प्रश्न चार वर्षं निळाच होता. मी सांगितलं, "कॉलेजात फॉर्म भरताना खिडकीतला माणूस म्हणाला, तुम्ही लोक आर्ट्स घ्या, सायन्स झेपणार नाही. मी विचारलं, काऊन? तो काही बोलला नाही. म्हणून घेतलं."

मिस्त्रीनं कानावरची पेन्सिल काढून, लाल टोक पुढं करून माझ्या हातात दिली.

बिनटपाची बोथ्याचा घाट चढली, पास झाली आणि मिस्त्रीच्या नावावर झाली. मी बी.एस्सी. झालो, दुसऱ्या वर्गात. आमच्या घरातला पहिला.